शांत होण्याची घाई

कामाच्या ताणावरून आपल्याकडे दर काही महिन्यांनी वाद पेटतो आणि दर वेळी त्याच दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. सप्टेंबर २०२४ मध्ये असंच झालं. पुण्यात नोकरीला लागून काही महिनेच झालेल्या एका तरुण मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईचं पत्र देशभर वाचलं गेलं. त्यापाठोपाठ अर्थमंत्री निर्मला सीतारामन चेन्नईतल्या एका कार्यक्रमात बोलल्या. ताण पेलण्याची आंतरिक ताकद मुलांना घरातून मिळायला हवी आणि ती श्रद्धेतून येते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. टीका झाली. मुलीला दोष द्यायचा नव्हता, असा खुलासाही झाला. पण तोवर फळ्या पडल्या होत्या. एका बाजूला ‘लवकर उठा, प्राणायाम करा, मोबाईल लांब ठेवा, कृतज्ञतेची वही लिहा’ म्हणणारे. दुसऱ्या बाजूला ‘आजार व्यवस्थेला आहे आणि तुम्ही औषध माणसाला पाजताय’ म्हणणारे. तेव्हापासून प्रसंग बदलतात, संवाद तेच राहतात.

मला या दोन्ही फळ्यांच्या मुळाशी एकच गैरसमज दिसतो. सवयीचं काम माणसाला शांत करणं आहे, असं दोघांनीही धरून चाललेलं आहे. पहिल्यांच्या मते ती शांत करते आणि म्हणून पुरेशी आहे. दुसऱ्यांच्या मते ती शांत करते आणि म्हणूनच धोक्याची आहे, कारण शांत झालेला माणूस भांडत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. रोजच्या सवयींनी चिंता आटोक्यात येते हे खरं, पण ज्या सवयींनी येते त्या शांततेच्या मागे लागलेल्या नसतात. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर त्या आपल्याला थोडा थोडा वेळ उभं करतात. असं उभं राहायला वेळ लागतो, जागा लागते, सोबत लागते, आणि या तिन्ही गोष्टी कोणी एकटा माणूस नुसत्या निश्चयाने पैदा करू शकत नाही. म्हणजे सवय की व्यवस्था हा झगडाच चुकीच्या जागी मांडलेला आहे.

आधी व्यवस्थावाल्यांची बाजू, कारण ती जास्त भक्कम आहे. ऑक्सफर्डमधल्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. माइंडफुलनेसचे, म्हणजे चालू क्षणावर लक्ष ठेवायला शिकवणारे वर्ग, ताण हाताळण्याचं प्रशिक्षण, झोपेची आणि ध्यानाची अॅप्स हे सगळं घेतलेले लोक आणि न घेतलेले लोक यांच्या मनःस्वास्थ्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. शाळांचं उदाहरण याहून बोलकं आहे. ब्रिटनमध्येच आठ हजारांहून जास्त मुलांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वर्गात माइंडफुलनेस शिकवलेली मुलं नेहमीचा अभ्यासक्रम शिकलेल्या मुलांपेक्षा जास्त सुखी नव्हती, आणि बहुतेकांनी घरी जाऊन ते केलंच नव्हतं. करतील तरी का? बारा वर्षांच्या पोराला तासाची घंटा वाजल्यावर ‘आता शांत हो’ म्हणणं आणि ‘आता गणित काढ’ म्हणणं यात त्याच्या दृष्टीने काय फरक आहे?

याहून मोठा मुद्दा असा, की पुष्कळांची काळजी हा आजार नसतोच, तो हिशेब असतो. पुण्यातल्या नव्या पेठेत, सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेच्या एका टेबलावर चार-पाच वर्षं काढलेल्या मुलाला रात्री झोप येत नाही. जाहिरात कधी निघेल, परीक्षा पुढे जाईल का, निकाल कुठे अडकेल, गावाकडून येणारे पैसे किती दिवस पुरतील, हे प्रश्न त्याच्या मेंदूने कल्पनेने रचलेले नाहीत. त्याला अनुलोम-विलोम सांगणं क्रूर नसलं तरी उद्धट नक्कीच आहे. पावसाकडे डोळे लावून बसलेल्या कापूसवाल्याचंही तेच. इथवर मी दुसऱ्या फळीच्या पूर्ण बाजूने आहे.

पण या फळीचा पुढचा निष्कर्ष मला पटत नाही. व्यवस्था बदलेपर्यंत सवयींच्या गप्पा म्हणजे दिशाभूल, असं म्हणणाऱ्याने एक सांगावं: आज रात्री दोन वाजता ज्याची छाती धडधडतेय त्याने काय करायचं? कामगार कायद्याची वाट बघायची? आणि सवयी मुळातच कुचकामी असतात, हे तरी कुठे सिद्ध झालंय? जॉर्जटाउनमधल्या एलिझाबेथ होग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये चिंताविकाराच्या २७६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला एसिटालोप्राम हे नेहमी दिलं जाणारं औषध, दुसऱ्याला आठ आठवड्यांचा ध्यानाचा अभ्यासक्रम. दोन्हीकडे त्रास साधारण सारखाच, तीसेक टक्क्यांनी कमी झाला. मग कंपन्यांमधल्या वर्गांनी का होत नाही? त्या आठ आठवड्यांत काय काय होतं ते बघा: दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक अख्खा दिवस आणि रोज घरी पंचेचाळीस मिनिटं. शुक्रवारी दुपारी मीटिंगच्या आधी दहा मिनिटं डोळे मिटायला लावणं आणि हे, यांना एकच नाव देणं हा विक्रेत्यांचा चतुरपणा आहे. फ्लेमिंग यांच्या आकड्यांतही एक गोष्ट अपवाद म्हणून उरली होती. ज्यांना स्वयंसेवेची, म्हणजे इतरांसाठी बाहेर पडून काही करण्याची संधी मिळाली, त्यांच्यात थोडा फायदा दिसत होता. हा अपवाद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण त्यात माणूस स्वतःला शांत करत बसत नाही, बाहेर पडतो.

सवय की व्यवस्था हा वाद आपण पूर्वी एकदा घातलेला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा साहेबाच्या मते दोष गरिबांच्या गलिच्छ राहणीत होता. चाळीत राहणाऱ्याला विचारलं असतं तर त्याने गटाराकडे आणि एका खोलीत कोंबलेल्या दहा माणसांकडे बोट दाखवलं असतं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते झाले, पुढे दादर-माटुंग्याची आखणी झाली. त्याच वेळी बेघर केलेल्यांची सोय मात्र मागे पडली. आज शंभर-सव्वाशे वर्षांनी कोणी विचारत नाही की हात धुणं महत्त्वाचं की मलनिस्सारण. दोन्ही लागतं हे पोरांनाही कळतं. आपल्याकडे तर हा झगडा एका माणसाने हातातल्या झाडूनेच निकालात काढला होता. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना राहणीवरून खडसावत. आणि तेच गाडगेबाबा पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथे धर्मशाळा बांधत हिंडले. स्वच्छ राहा हे सांगणाऱ्याने स्वच्छ राहता येईल अशी जागाही उभी केली पाहिजे, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. मनाच्या बाबतीत आपण अजून एकमेकांवर ओरडण्याच्या पायरीवर आहोत.

आता सवयवाल्यांकडे वळतो, कारण त्यांच्याशी माझं भांडण जास्त खोल आहे. त्यांनी सवयींची यादी केली, पण आपल्या घरांमध्ये चिंतेच्या सवयी आधीपासूनच भरपूर आहेत हे त्यांना दिसतच नाही. ‘पोचल्यावर फोन कर.’ हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी घरातून कोणी स्टेशनवर गेलेलं नाही. प्रेमाचंच वाक्य आहे, त्यात वावगं काही नाही. पण हल्ली ते वाढत वाढत कुठे गेलंय? निघालास का, गाडीत बसलास का, जागा मिळाली का, कुठवर आलास, लोकेशन टाक. निळा ठिपका नकाशावर हलताना दिसला की आईचा जीव भांड्यात पडतो, ठिपका बोगद्यात अडकला की पुन्हा तोंडचं पाणी पळतं. मोबाईल येण्यापूर्वी तीच आई रात्री साडेनऊपर्यंत निवांत असायची, कारण गाडी साडेनऊला पोचणार हे ठरलेलं होतं आणि मधल्या वेळात कळण्याची काही सोय नव्हती. आता सोय झाली आणि काळजी मिनिटामिनिटाची झाली.

घरातलं बीपीचं मशीन घ्या. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ठरल्या वेळी मोजणं वेगळं. पण जरा चक्करल्यासारखं वाटलं की पट्टा गुंडाळायचा, आकडा थोडा वर दिसला की धास्तीने तो आणखी वर, मग पाच मिनिटांनी पुन्हा, मग डाव्या हाताला, मग शेजारच्या काकांच्या मशीनवर. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑक्सिमीटरने हेच केलं; तेव्हा त्याची खरी गरज होती, म्हणून ती सवय कोणाला खटकली नाही आणि लाट ओसरल्यावरही अनेकांच्या बोटाला तो चिमटा राहिला. गॅसचा नॉब तीनदा बघणं. छातीत जरा दुखलं की रात्री एक वाजता लक्षणं शोधत बसणं आणि पहाटे तीनपर्यंत स्वतःला दुर्धर आजार ठरवून मोकळं होणं. निकालाच्या आदल्या दिवशी देव पाण्यात ठेवणं. खिशात झोपेच्या-शांततेच्या गोळीची पट्टी ठेवणं. ती महिनोन्महिने फोडलेलीही नसते, पण विसरली तर माणूस अर्ध्या रस्त्यातून घरी परततो. ही सगळी चिंतेवरची रोजची औषधंच आहेत. आणि ती लागू पडतात! पाच मिनिटं का होईना, बरं वाटतं.

तिथेच तर गोम आहे. होबार्ट मावरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात हे सूत्र मांडलं होतं: भीती वाटते, आपण तिथून पळ काढतो, पळाल्यामुळे हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणं हीच पळण्याला मिळालेली मजुरी असते. मजुरी मिळाली की मजूर उद्या पुन्हा हजर. भीती मात्र जिथल्या तिथे राहते, कारण ती खोटी ठरण्याची संधीच आपण तिला दिलेली नसते. फोन आला म्हणून मुलगा सुखरूप आहे असं नसतं. तो सुखरूप होताच, फोन नसता आला तरी असता. पण हे आईला कधी कळणार? फोन न येता तासभर जाऊ दिला तर. तो तास कठीण असतो, मान्य. पण चिंतेवरची खरी सवय त्या तासात घडते.

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातला २०२० चा एक छोटा अभ्यास यासाठी मला आवडतो. सतत काळजी करण्याचा विकार असलेल्या २९ जणांनी दहा दिवस मनात येणाऱ्या काळज्या लिहून काढल्या आणि मग महिनाभर बघितलं की त्यातलं काय खरं झालं. ९१.४ टक्के काळज्या खऱ्या झाल्या नाहीत. माणसं फक्त २९, म्हणून आकडा डोक्यावर घेऊन नाचू नये. पण रीत बघण्यासारखी आहे. या वहीत कृतज्ञता नाही, सकारात्मक विचार नाही, सुविचार तर नाहीच. मनाला समजावत बसण्याऐवजी त्याचं भाकीत लिहून ठेवायचं आणि तारीख टाकून तपासायचं. आपल्या ज्योतिषांना कोणी ही वही ठेवायला लावली असती तर बरंच काही घडलं असतं, पण तो विषय वेगळा.

या मुद्द्याला एक मानवी चेहरा हवा असेल तर अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा घ्यावा. त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्यासारख्यांमुळे महाराष्ट्रात बऱ्यापैकी रुजली, त्यामुळे हा किस्सा अनेकांच्या कानावर असेल. एकोणीस वर्षांच्या एलिसला मुलींशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. त्याने स्वतःला काम लावून घेतलं: न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचं. १३० जणींशी प्रयत्न झाला. ३० उठून गेल्या, १०० बोलल्या, एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. (त्या १३० जणींना काय वाटलं असेल, हे त्याच्या किस्स्यात कुठे नाही, आणि आज कोणी हा प्रयोग करू नये.) यशाच्या हिशेबात शून्य. भीती मात्र गेली, कारण १३० वेळा जे होईल असं वाटत होतं ते झालं नाही. एलिस त्या उद्यानात दीर्घ श्वास घेत शांत होण्याची वाट बघत बसला असता तर म्हातारपणीही तिथेच बसलेला सापडला असता.

म्हणजे प्राणायाम निरुपयोगी का? मुळीच नाही, आणि इथे मी विज्ञानाच्या नावाने नाकं मुरडणाऱ्यांशीही फारकत घेतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते योगक्रियांनी शरीरात नेमकं काय होतं हे यंत्रांनी मोजायला. क्ष-किरण, रक्तदाब, पोटातला हवेचा दाब, सगळं त्यांनी तपासायला घेतलं. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ जणांना लॅटिनमधली मेरीची प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणायला लावले. दोन्हींच्या जपात श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांच्या लयीत चांगला बदल दिसला. श्रद्धा कोणतीही असो, फुप्फुसांना त्याचं काही पडलेलं नसतं. लांब, सावकाश उच्छ्वासाने शरीराची धावपळ खरोखर उतरते. प्रश्न त्यानंतरच्या मिनिटाचा आहे. श्वास ताळ्यावर आल्यावर तुम्ही तो टाळलेला फोन केलात का? गर्दीच्या डब्यात चढलात का? साहेबाच्या केबिनचं दार ढकललंत का? केलं असेल तर प्राणायाम कामी आला. ‘आज नको, अजून मन स्थिर झालं नाही’ म्हणून पुन्हा आसनावर बसलात, तर तोच प्राणायाम खिशातल्या गोळीच्या पट्टीचा भाऊ झाला. सवय तीच, क्रिया तीच, आणि परिणाम उलटा. म्हणून कोणत्याही सवयीला माझा एकच प्रश्न असतो: हिने माणसाचं जग रुंद झालं की अरुंद? पहाटेचं ध्यान चुकेल म्हणून जो मावशीच्या घरी मुक्कामाला जात नाही, त्याचं ध्यान त्याला काय देतंय हे त्याने तपासावं.

पहिल्या फळीचं आणखी एक लाडकं वाक्य आहे: आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. यातला खोटा भाग चटकन बाजूला करू. होतं. फक्त ते पित्त म्हणून, धडधड म्हणून, ‘हिला जरा नर्व्हसनेस आहे’ म्हणून, अंगात येणं म्हणून निघायचं आणि त्याची मोजदाद मनाच्या खात्यावर होत नसे. पण वाक्यात खरा भागही आहे आणि त्याकडे टिंगलीने बघू नये. विरारच्या, कर्जतच्या, कसाऱ्याच्या गाडीत टाळ घेऊन भजन म्हणणारी मंडळी दोन तासांच्या चेंगराचेंगरीचं काय करत होती? तेच, जे इटलीतल्या प्रयोगशाळेत मोजलं गेलं, आणि वर आठ-दहा ओळखीची माणसं. एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी घरी निरोप जायचा. आषाढीसाठी पंढरीला पायी निघणाऱ्याला चाल, लय आणि सोबत हे तिन्ही एकदम मिळतं. संध्याकाळी पारावर, कट्ट्यावर बसणाऱ्याला आपली काळजी चारचौघांत बोलून दाखवावी लागायची आणि चारचौघं तिची मापं काढायची. या सवयींसाठी कोणाला गजर लावावा लागत नव्हता, मनोनिग्रह तर दूरच.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे एवढे भक्त, की त्यांनी ते संस्थानातल्या शाळांच्या वेळापत्रकात घातले. त्यांच्या आग्रहात राजेपणाची सक्ती होती हे खरं, पण त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. सवय लागायला हवी असेल तर तिला दिवसात जागा काढून द्यावी लागते. उपदेश करून पोरांच्या दिवसात जागा होत नाही. तेव्हा ‘आमच्या वेळी’वाल्यांना मी म्हणेन, तुमचंच म्हणणं पुढे न्या. तुमच्या पिढीची ताकद तुमच्या मनगटात होती तितकीच ती ठरल्या वेळी सुटणाऱ्या गिरणीत, कचेरीत, चाळीच्या कॉमन गॅलरीत आणि त्याच डब्यातल्या त्याच माणसांत होती. आणि हेही लपवू नये, की तो पार सगळ्यांचा नव्हता. त्यावर कोणी बसायचं हे जातीने ठरत होतं आणि बायका तर त्यावर कधीच नव्हत्या. त्या पाणवठ्यावर जेवढं बोलता येईल तेवढं बोलत. जुनं जसंच्या तसं परत आणावं असं त्यात काही नाही.

मग आज कोणाच्या दिवसात जागा आहे? वर सांगितलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आठवा. रोज पंचेचाळीस मिनिटं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देताना दिसतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं. मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं त्यात धरलेलं नाही, ते वेगळं. आता या २८९ मिनिटंवालीला ‘स्वतःसाठी पाऊण तास काढ गं’ सांगायचं असेल तर तो पाऊण तास कोणाकडून काढायचा तेही सांगा. सवयीच्या प्रत्येक उपदेशात दुसऱ्या कोणाच्या तरी कामाची एक न छापलेली ओळ असते. नवरा पहाटे टेकडीवर जातो म्हणून त्याची साखर, झोप, मूड सगळं सुधारतं. उत्तम. त्या वेळेत डबे कोण भरतं? तिचीही चिंता उतरावी असं घरातल्यांना खरंच वाटत असेल तर त्यांनी तिला ध्यानाचं अॅप भेट देण्यापेक्षा पोळ्या लाटायला शिकावं. हा ‘कौटुंबिक संस्कारांचा’ मुद्दा अर्थमंत्र्यांच्या सल्ल्यात आला असता तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

आणि काही वेळा सवय पुरत नाही, हेही तितक्याच मोठ्याने बोललं पाहिजे. थायरॉइड बिघडला तरी छाती धडधडते. दिवसभर हात धुणाऱ्याला, घराबाहेर पडणंच थांबलेल्याला, जगणं नको वाटणाऱ्याला फेरफटका मारायला सांगणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं. त्याला डॉक्टर हवा. पण डॉक्टर कुठे आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचं दिसलं. ते बारा राज्यांत झालं होतं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे चित्र फार निराळं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. देशात लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसची १४४१६ ही फुकट हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तिचा नंबर किती घरांच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे?

या कोंडीतून वाट काढणारं उदाहरण शेजारीच आहे. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने दहा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांबरोबर एक उपचार करून बघितला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी. प्रत्येक भेटीत रुग्णाशी बसून ठरवायचं की तुम्ही कोणकोणत्या गोष्टी करायचं सोडून दिलंय आणि त्यातली कोणती या आठवड्यात पुन्हा सुरू करता येईल. पुढच्या भेटीत विचारायचं, झालं का? नसेल तर कुठे अडलं? तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. नैराश्य आणि चिंता एक नव्हेत, पण दोघी बहुधा हातात हात घालून येतात आणि दोघी माणसाला एकच गोष्ट करायला लावतात: टाळायला. या उपचाराला कोणत्या फळीत बसवणार? उपचार पूर्णपणे सवयीचा आहे आणि तो देणारी यंत्रणा पूर्णपणे सरकारी दवाखान्याची आहे. पुढच्या आठवड्यात कोणीतरी ‘झालं का?’ विचारणार आहे, हे कळल्यावर माणूस घराबाहेर पडतो. हा प्रश्न विचारण्याचा पगार कोणीतरी द्यावा लागतो. आज तो प्रश्न आशा सेविकेच्या माथी कामाच्या यादीत आणखी एक ओळ म्हणून फुकट मारला, तर तिच्याच काळजीत भर पडेल.

असल्या गोष्टींची मागणी करायची तर ती दिसायला फारच किरकोळ असते, म्हणून कोणी करत नाही. आपल्या शहरांतल्या अनेक सार्वजनिक बागा सकाळी उघडतात, अकराच्या सुमारास बंद होतात आणि थेट दुपारी चारच्या पुढे उघडतात. सकाळच्या वेळेत बागेत येतात ते निवृत्त लोक आणि ज्यांचा डबा दुसरं कोणी भरतं ते लोक. स्वयंपाक, शाळा, धुणी-भांडी उरकून जिला अकरा ते चार या वेळेतच तासभर मिळतो, किंवा जी दुसऱ्याच्या घरची कामं आटोपून दोन घरांच्या मधला वेळ कुठे काढू म्हणते, तिच्या तोंडावर फाटकाला कुलूप असतं. डांबरी रस्त्यावर चालायला फूटपाथ नाही, असला तर त्यावर दुचाक्या. मुलाच्या फोनची वाट न बघता तासभर काढायचा असेल तर तो चार भिंतींत मशीन आणि मोबाईल घेऊन बसण्यापेक्षा झाडाखाली दोघी-तिघींत काढणं सोपं जाईल. दुपारच्या पाळीला एक राखणदार नेमायला महापालिकेला वर्षाला किती खर्च येतो, हा प्रश्न पुढच्या वॉर्ड सभेत लेखी विचारण्यासारखा आहे.